आत्याच्या पेशी

आत्याला रक्ताचा कर्करोग निघाला, तेव्हा तिला माढ्याहून सोलापुरात आमच्याकडे येऊन बरीच वर्षं झाली होती. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. भावाची लेक म्हणून मीच काय ती. आजार संथ आहे, असं इथले डॉक्टर म्हणाले. पांढऱ्या पेशी मरायच्या वेळी मरत नाहीत, साचत राहतात. आत्याला ते पटलं. म्हाताऱ्या हायेत, पडून ऱ्हायल्यात माज्यागत, असं ती शेजारणीला सांगायची.

पुढे त्यांनीच आम्हाला पुण्याच्या एका रुग्णालयात पाठवलं. तिथे अशा पेशी किती वेगाने वाढतात, ते मोजत होते. त्यासाठी आत्याला काही आठवडे रोज थोडं जड पाणी प्यायचं होतं. दिसायला, चवीला साधंच. पण ते पीत असताना शरीरात जी पेशी नवी तयार होते, तिच्यात त्याची खूण राहते. पूजा झाली की तीर्थ घ्यावं तसं आत्या ते प्यायची. अधूनमधून तपासणीचं रक्त द्यायला पुण्याला जायचो. वाटेत मोहोळ गाव यायच्या आत तिचा डोळा लागलेला असे.

निकाल सांगताना तिथल्या डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. पेशी नुसत्या साचलेल्या नाहीत, त्या मरतात आणि नव्या होत राहतात; आत्याच्या जरा जास्तच वेगाने, म्हणून औषध लवकर लागेल, असं त्या म्हणाल्या.

“रोज जलमत्यात?” आत्याने विचारलं.

“हो आजी. रोज.”

परतताना ती जागीच होती. टेंभुर्णी मागे पडल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाली, “जल्मभर कूस उजवली न्हाय माजी. आन् आता ह्ये रोज जलमतंय व्हय?”



त्यानंतर शेजारणीशी ती आजाराचं बोलेनाशी झाली. भाजी निवडता निवडता थांबायची, आजाराने मानेवर आलेल्या गाठीवर बोट ठेवून बसायची, कुणाची चाहूल घेतल्यासारखी. गोळ्यांनी गाठी बसल्या, तरी बोट तिथेच जायचं. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनियाने ती गेली.

उन्हाळ्यात पुण्याहून फोन आला. आत्याच्या पेशी गोठवून ठेवल्या आहेत, पुढच्या कामाला वापरल्या तर चालेल का, असं डॉक्टरबाई विचारत होत्या. मी हो म्हटलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, “त्या जिवंत आहेत का?”

“आहेत,” त्या म्हणाल्या.

अजून गावाकडचं कुणी येतं, आत्या कुठंय म्हणून विचारतं. गेली, असं सांगताना आता माझी जीभ अडखळते.