एकाच ब्रेकची गाडी

मास्तर शाळेत शिकवत नव्हते, रस्त्यावर शिकवायचे. अर्धं गाव त्यांच्याकडे गाडी शिकलेलं, म्हणून ते मास्तर. त्यांच्या बायकोने टेकडीपलीकडच्या रानात मधमाश्यांच्या पेट्या ठेवल्या होत्या आणि त्यांचा मध घरोघर जायचा, म्हणून त्या मधवाल्या बाई. घरात गाडी एकच, शिकवणीची. तिच्यात शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक होता. शिकणारा गांगरला की तो मास्तरांनी दाबायचा. बाई त्याच गाडीवर शिकल्या आणि लग्नाला वीस वर्षं उलटून गेली तरी त्याच गाडीने पेट्यांकडे जायच्या. शेजारी मास्तर हवेतच. का, तर म्हणे रस्ता वाईट.

आता रस्ता वाईट होता यात वादच नाही. ट्रॅक्टरने पाडलेल्या दोन चाकोऱ्या, मधे गुडघाभर गवत, गवतात दडलेले दगड, आणि शेवटी ओढ्यापर्यंत सुट्या खडीची अशी उतरण, की पायी जाणाराही देवाचं नाव घेईल. शिकवणीची गाडी बुटकी. यंदा दोनदा तिचा सायलेन्सर दगडाला अडकून तुटला. दुसऱ्यांदा तुटला तेव्हा सकाळचे शिकणारे दारात ताटकळले, आणि मास्तर स्वतःच म्हणाले, "तुझ्या पेट्यांसाठी वेगळी गाडी बघू या. सेकंड हँड चालेल. उंच हवी, दणकट हवी आणि आपल्याला झेपेल अशी हवी."

बाईंना काय आनंद झाला म्हणून सांगू! आणि तो नुसता गाडीचा नव्हता. त्यांच्या मनात एक जुनी टोचणी होती. उतरणीवर गाडी नेमकी थांबते, ती आपण थांबवतो की हे? मास्तरांचा पाय कायम त्या दुसऱ्या ब्रेकवर. विचारावं म्हटलं तर उत्तर 'मीच की' असं आलं तर काय घ्या! आता आपल्या गाडीला ब्रेक एकच असणार, म्हणजे एकदाचं कळेल, असं त्यांनी मनाशी धरलं.

पण गाडी काही ठरेना. गॅरेजवाला मास्तरांचाच जुना विद्यार्थी, हौसेने एकेक गाडी दाखवायचा. पहिली लाल होती, झकपक, पण पोट जमिनीला टेकलेलं. ती बाईंनीच नाकारली. दुसरी जीपसारखी धिप्पाड, डिझेल ढोसणारी आणि दर महिन्याला काहीतरी बदलायला लावणारी. नाकापेक्षा मोती जड! पुढच्या दोन मात्र बाईंना पसंत होत्या. मास्तर शेजारच्या सीटखाली डोकं घालून, टॉर्च मारून फरशी बघायचे आणि बाहेर येऊन मान हलवायचे. "नको. ही नको." बाईंना वाटलं, गंज बघत असतील. माणूस किती बारकाईने बघतो, म्हणून त्यांना कौतुकही वाटलं.

मग आली ती चौकोनी गाडी. रंग उडालेला, एका दाराला पोचा, पण चाकं उंच, चारही चाकांना जोर देणारा दांडा, आणि मागची सीट काढली की पेट्या आरामात बसतील एवढी जागा. किंमतही बेताची. बाई आत बसल्या, स्टिअरिंग धरलं आणि तिथेच त्यांचं ठरलं.

मास्तरांनी पुन्हा डोकं आत घातलं. तेवढ्यात गॅरेजवाला सहज बोलून गेला, "मास्तर, उगाच कशाला वाकताय? इथे मधे हा पत्र्याचा खोका आहे. दुसरा ब्रेक हिच्यात बसायचा नाही. त्या दोन्हींतही बसत नव्हता, तेव्हाच सांगितलं होतं ना तुम्हाला?"

मास्तर बाहेर आले. इतके दिवस ताकास तूर लागू दिली नव्हती, आणि आता चेहरा असा, की बघवेना. बाई तडक घरी निघाल्या. त्या रात्री भांडी जरा जास्तच वाजली.

"अगं, काळजीपोटी..." मास्तरांनी सुरुवात केली.

"काळजी घाला चुलीत!" बाई कडाडल्या. "परक्याच्या अठरा वर्षांच्या पोराला तीन आठवड्यांत एकटं सोडता. आणि मला? मी काय जन्मभर शिकाऊच? उद्या तीच गाडी घेऊन मी माझ्या रस्त्याने जाणार. यायचं तर या."

मास्तर आले. गॅरेजवाल्याने दुपारपुरती गाडी दिली होती. मागे रिकाम्या पेट्या खडखडत होत्या. चाकोऱ्या सरल्या, दगड आले. गाडी हेलकावे खात पण पोट न घासता छान निघाली. बाई खूश. शेजारी मास्तर मात्र वरचा दांडा धरून बसलेले, आणि पाय खालच्या रबरी मॅटवर दाबत होते. जिथे काही नव्हतंच, तिथे. उतरणीच्या तोंडाशी तर असा दाबला, की मॅटच सरकली.

बाईंनी गाडी थांबवली.

"उतरा."

"अगं, इथे?"

"इथेच. मला एकटीला जाऊ द्या."

"ही खडी बघितलीस का? मी नुसता बसतो, बोलणार नाही..."

"उतरा म्हणते ना!"

मास्तर उतरले. बाईंनी पहिला गिअर टाकला. शेजारची सीट रिकामी, हे त्यांनी आयुष्यात प्रथमच बघितलं. गाडी उतरणीला लागली, इंजिन गुरगुरायला लागलं, खडी कडाकडा उडायला लागली. निम्म्यावर मागचं चाक सरकलं आणि गाडीचं ढुंगण ओढ्याकडे फिरलं. पाय ब्रेककडे धावला. बाईंनी तो आवरला, स्टिअरिंग हलकेच चाकाबरोबर वळवलं आणि गाडी गुमान सरळ झाली. खाली सपाटीवर त्या थांबल्या, इंजिन बंद केलं आणि एकट्याच खो खो हसत सुटल्या. हसता हसता डोळे भरून आले.

वरून मास्तर घाईघाईने येत होते. खडीवरून घसरले, बसले, पुन्हा उठले. काचेपाशी पोचले तेव्हा मागचा भाग धुळीने पांढरा आणि धाप लागलेली.

"चाक सरकलं तेव्हा ब्रेक दाबला नाहीस," ते म्हणाले.

"नाही दाबला."

"मी दाबला असता. आणि गेलो असतो ओढ्यात."

आता मात्र बाईंनी विचारलंच. "खरं सांगा हं. आपल्या त्या गाडीत इतकी वर्षं माझ्या शेजारी बसलात. कितीदा दाबलात ब्रेक?"

"शिकत होतीस तेव्हा एकदा. कुत्रं आडवं आलं होतं."

"आणि नंतर?"

"नंतर कशाला दाबीन? नुसता पाय ठेवायचो. तुझ्यासारखी गाडी कोण चालवतं? मी सगळ्या शिकणाऱ्यांना सांगतो की, गाडी कशी चालवावी ते आमच्या हिच्याकडून बघा म्हणून."

"सगळ्यांना सांगता," बाईंचा आवाज चिरकला, "आणि मला सांगायला काय तोंड शिवलं होतं?"

"तुला माहीतच असेल असं वाटलं गं."

"मग या गाडीत दुसरा ब्रेक कशाला हवा होता?"

मास्तरांनी मागची धूळ झटकली. "तुझ्यासाठी नव्हता. पायाखाली काही नसलं की मलाच भीती वाटते. कुणाच्याही गाडीत वाटते. लाज वाटत होती सांगायला."

बाईंनी हात लांबवून पलीकडचं दार उघडलं. राग केव्हाच गेला होता. "बसा. हीच गाडी घ्यायची."

"हीच घ्यायची," मास्तर म्हणाले. वळसा घालून आले, आत बसले, दार ओढून घेतलं. मग त्यांनी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर चक्क मांडी घातली.

"चल," ते म्हणाले.