टाच टेकली का?

फरशीचा नमुना जमिनीवर ठेवायचा, त्यावर तांब्याभर पाणी ओतायचं आणि समोरच्याला म्हणायचं, "टाका पाय." समोर सरपंच असो की डॉक्टर, बिचारा पँट वर धरून त्या ओल्या फरशीवरून चालायचा. मग आमचे मिस्त्री उकिडवे बसून पलीकडच्या कोरड्या जमिनीवर उमटलेलं पाऊल न्याहाळायचे, ज्योतिषी हात बघतो तसं. आणि निकाल द्यायचे, "टाच टेकली न्हाई. भ्यालात तुम्ही. ही फरशी बाद."

तुम्हीही कधी बघा. निसरड्यावर माणूस बोटं आवळून चालतो, टाच अधांतरी ठेवतो. मी बी.कॉम. आहे, आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, पण हे मला कुठल्या पेपरात आलं नव्हतं.

मिस्त्री देगलूरकडचे. साठीचे, बुटके, दोन्ही गुडघ्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले. मराठी बोलता बोलता मोजायची वेळ आली की तेलुगूत मोजायचे आणि तेही तीनपर्यंतच. "ओकटी, रेंडू, मूडू. बस. तिनाच्या पुढं दाखवलं की गिऱ्हाइकाचं डोकं फिरतं न् मग ते बायकोला फोन लावतं."

लातूरच्या आमच्या घरात बाथरूम नव्यानं करायचं निघालं ते आईमुळे. जुन्या गुळगुळीत फरशीवर ती एकदा घसरली. हाड शाबूत राहिलं, पण धीर मोडला. तेव्हापासून ती मागच्या अंगणात हौदाजवळच्या दगडावर अंघोळ करायची. मग शेजाऱ्यांनी वर मजला चढवला आणि त्यांच्या दोन खिडक्या थेट हौदावर उघडल्या. आईनं दुसऱ्याच दिवशी पिशवी भरली. "मी जाते गावाकडं. तिथं न्हाणी हाय." गावाकडं न्हाणी होती, पण माणूस कोणी नव्हतं. कशीबशी विनवणी करून मी पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली.

आता मी शिकलेला माणूस. बावीस फरश्यांचा तक्ता केला. रंग, चमक, टिकाऊपणा, प्रत्येकाला दहापैकी गुण. मिस्त्रींनी तो कागद उलटसुलट बघितला.

"फरशीची परीक्षा घेऊन राहिलात का सर?"

"नीट निवडायला नको का?"

"हाव, निवडू की. पण पाय कुणाचा पडणार? तुमच्या कागदाचा का मायचा?" असं म्हणून त्यांनी तक्त्याची घडी केली, उजव्या गुडघ्यावरच्या ट्यूबखाली सारली आणि कामाला बसले. गुडघ्याला आराम पडला म्हणाले.

बेसिनच्या ओट्याचा दगड तर त्यांनी दुकानात न जाताच ठरवला. मला काळाभोर, चकचकीत ग्रॅनाइट हवा होता. त्यांनी तीन तुकडे आणले, प्रत्येकावर आमच्या बोअरचं चमचाभर पाणी टाकलं आणि उन्हात वाळत ठेवले. तासाभरानं काळ्यावर असा पांढरा डाग उमटला की जणू कोणी चुन्याचं बोट पुसलंय. करड्या ठिपक्यांच्या तुकड्यावर काहीच दिसेना.

"हा घ्या. न्हाईतर रोज सकाळी तोंड धुवायच्या आधी ओटा धुवा."

फरशीच्या दुकानात मात्र ते आईला घेऊन आले. दुकानदारानं खुर्ची दिली, चहा सांगितला. मिस्त्रींनी तांब्या मागितल्यावर त्याचा चेहरा पडला. नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि हे फरशीवर ओतणार.

ओकटी. माझी आवडती. पांढरीशुभ्र, सोनेरी रेघांची. आईनं त्यावर पाय ठेवला आणि माझं मनगट असं धरलं की घड्याळ रुतलं.

"बाद," मिस्त्री जमिनीकडं बघत म्हणाले.

रेंडू. "ही टोचते," आई म्हणाली. बाद.

मिस्त्री पाणी भरायला वळले तेवढ्यात भिंतीजवळ पालथ्या पडलेल्या एका फरशीवर आई आपली आपण जाऊन उभी राहिली. ओल्या पायांनी चालली, परत फिरली, पुन्हा चालली.

"हीच द्या."

"मावशी, ती उलटी आहे," दुकानदार म्हणाला.

"असंना. पायाला धरते."

दुकानातली माणसं हसली. मी शरमेनं छताकडं बघू लागलो. मिस्त्री तेवढे हसले नाहीत. ते उकिडवे बसले, आईचं पाऊल पाहिलं आणि दुकानदाराला म्हणाले, "टाच टेकली. आता हिच्यासारखी सुलटी काढ."

तशी सुलटी एकच निघाली. गाड्या लावायच्या जागेत बसवतात ती करडी, खरखरीत फरशी.

"लोक विचारतील, बाथरूममध्ये मोटारसायकल लावता का," मी म्हणालो.

"लावा की. घसरणार न्हाई."

शेवटी मीच हट्टाला पेटलो. निदान दारात तरी पांढरी सोनेरी एक हवीच. मिस्त्रींनी ती बसवली, पण बसवताना तीनदा म्हणाले, "ही तुमची हाय सर. माझी न्हाई."

आई आत अंघोळ करू लागली. पिशवी पुन्हा खुंटीला गेली. मिस्त्रींच्या गुडघ्यांनी मात्र हात टेकले आणि ते हैदराबादला लेकीकडं निघून गेले. जाताना माझा तक्ता परत दिला. त्याला गुडघ्याचा आकार आला होता.

चार-सहा महिने गेले. एका सकाळी आई खुंटीवरची पिशवी झटकताना दिसली. "जाऊन यावं म्हणते गावाकडं."

"का गं?"

"काही न्हाई. उगं."

मी खाली बघितलं. बाथरूमपासून तिची ओली पावलं उमटली होती. उजवं पाऊल पूर्ण. डाव्याची नुसती बोटं. मी फोटो काढून मिस्त्रींना पाठवला. दुपारी फोनवर त्यांचा आवाज आला, मागं हैदराबादचे हॉर्न. "तुमची ती दारातली काढा सर."

काढायला कोण येणार? ते तर तिकडं. मीच छिन्नी-हातोडा घेऊन बसलो. सोनेरी रेघांचे तुकडे उडाले. खोक्यात तसलीच एक उरली होती. ती मी सिमेंटवर पालथी बसवली, कंपनीचं नाव वर करून. वाळेपर्यंत दोन दिवस आई मला शिव्या घालत त्यावरून लांब पाऊल टाकत राहिली.

तिसऱ्या दिवशी ती कंपनीच्या नावावर भक्कम पाय देऊन बाहेर आली आणि पिशवीकडं न बघता देवघरात गेली. मी पावलांचा फोटो पाठवला, सोबत फरशीचाही.

"वाकडी बसली, सर," मिस्त्री फोनवर म्हणाले. "पण टाच टेकली."