काकांची तपासणी

ऐंशीच्या दशकात कारंज्याला बसस्टँडजवळ माझं औषधाचं दुकान होतं आणि माझं सगळ्यात कटकटीचं गिऱ्हाईक घरातच होतं, माझे काका. त्यांना टीबी झालेला. त्यांच्या मुलीचं, माझ्या चुलत बहिणीचं, लग्न जमवायचं चाललं होतं, म्हणून आजाराची वाच्यता उंबऱ्याबाहेर बंद.

परदेशी कंपनीच्या कॅप्सूल त्यांना छान लागू पडल्या, पण इतक्या महाग की पुढचे महिने निभणं कठीण. अशात आपल्याकडच्या एका कंपनीनं तेच औषध काढलं, कितीतरी स्वस्त. मी हरखलो. काका हात लावेनात.

"सस्तं हाय म्हंजे खोटं हाय. खरी कंपनी दुसऱ्याले बनवू देईन काऊन?"

मी समजावलं, आपल्या कायद्यात औषधावर पेटंट नाही, फक्त ते बनवायच्या रीतीवर आहे. दुसऱ्या रीतीनं तेच औषध कोणीही बनवावं. "भरताचं वांगं कपाशीच्या पऱ्हाटीवर भाजलं काय अन् स्टोव्हवर काय, वांगं तेच ना?"

"स्टोव्हवरचं तूच खाजो," काका म्हणाले.

मला हसू आलं, पण विषय सोडता येत नव्हता. हे औषध मधेच सोडलं की आजार जास्त जोरानं उलटतो, आणि काका मला हवे होते.

त्या औषधानं लघवी लाल होते. पहिल्यांदा झाली तेव्हा रक्त समजून काकांनी घर डोक्यावर घेतलं होतं. पुढे तीच त्यांची तपासणी झाली. डॉक्टर काहीही म्हणोत, गोठ्यामागे जाऊन लाल दिसली तरच औषध खरं.

मुलाकडचे लोक यायच्या दिवशी पहाटे काकूंनी नवी कॅप्सूल त्यांच्या हातावर ठेवली आणि ती गिळेपर्यंत समोरून हलल्या नाहीत.

पाहुणे आले, पोहे फिरले. तेवढ्यात काका गोठ्यामागून ओरडतच आले, "लाल झाली बे! तुह्या सस्त्या औषधानंबी लालच झाली!"

"कायचं औषध?" मुलाच्या वडिलांनी विचारलं.

काकांना खोटं कधी जमलंच नाही. "टीबीचं," म्हणाले आणि पोह्यांची बशी ओढून बसले. काकूंचा चेहरा पांढरा पडला. पाहुण्यांनी चहा आटोपता घेतला.

मी त्यांना पोचवायला फाटकापर्यंत गेलो. मुलाचे वडील मागे रेंगाळले.

"भाऊ, ते सस्तं औषध तुमच्या दुकानात भेटते काय? पोराच्या मायचं आम्ही बंद केलं. परवडलंच नाई. कोनाले सांगतलंबी नाई."