हेमराज काय म्हणते?

पिक्चर चांगला की वाईट, हे आमच्या टांडापेठेत वर्तमानपत्र वाचून ठरत नसे. शुक्रवारचा पहिला शो सुटला की हेमराज सोनकुसरे स्कूटरवरून थेट वामनरावांच्या पानठेल्यावर येई. तो काय म्हणतो त्यावर शनिवार-रविवारी कोण कुठे जाणार, ते ठरत असे. त्याला न विचारता तिकिटं काढणाऱ्यांची आम्ही मनापासून कीव करत असू.

हेमराज इतवारीच्या बाजारात एका साडीच्या दुकानात होता. बाप हातमागावर बसायचा. माग विकला गेला आणि पोरगा दुसऱ्यांनी विणलेल्या साड्या विकायला लागला. दिवसभर गादीवर बसून घड्या उलगडायच्या आणि बोलत राहायचं. बोलण्यात तो इतका पटाईत की नुसता भाव विचारायला आलेली बाई दोन साड्या घेऊन जाई आणि वर त्यालाच आशीर्वाद देई. शुक्रवारी दुपारपर्यंत मालक त्याला सुटी देत, कारण नाही दिली तरी तो येणार नाही हे त्यांना माहीत होतं.

मी कृष्णकांत, त्याचा शेजारी आणि टॉकीजमध्ये त्याच्या बाजूच्या खुर्चीवरचा कायमचा माणूस. शाळेत कारकून आहे, पण शुक्रवारी काहीतरी निमित्त काढून सटकायचो. मला पिक्चर बघून मत वगैरे होत नाही. आवडला तर आवडला, नाही तर झोप लागते. मत हेमराजचं असे, मी मान हलवायचो.

ॲक्शनच्या पिक्चरात हिरोकडे पाहायचंच नाही, असं तो म्हणे. मार खाणाऱ्यांकडे पाहायचं. "वीस जण येतेत न गा, पण एकेक करून येतेत. बाकीचे काहून उभे राहून राहिले? रेशनच्या लाइनीत आहेत का?" ज्या पिक्चरमध्ये मार खाणाऱ्याला खरंच लागलं असं वाटेल, तो पास. खांद्यात गोळी घुसलेला हिरो पुढच्याच गाण्यात त्याच हातानं हिरोइनला उचलतो, हे त्याला मुळीच खपत नसे.

प्रेमाच्या पिक्चरात तो आधी साडी बघे. "मास्तराची पोरगी आहे म्हणतेत, अन् पदराले केवढी जर आहे पाहा! आमच्या दुकानात हे साडी मागायले कारवाले येतेत." नकार देणाऱ्या पोरीच्या मागे हिरो गल्लोगल्ली फिरला की हेमराज खुर्चीत चुळबुळ करायला लागे. "नाही म्हटलं न तिनं? मंग घरी जाय न बे!" आता मयुरी, त्याची पोरगी, कॉलेजात जायला लागल्यावरचं हे शहाणपण. त्याआधी अशाच सीनला शिट्टी कोण मारायचं ते मी बाजूलाच बसून ऐकलेलं आहे, आणि तसं त्याला सुनवायचोही.

पण जीव होता तो कॉमेडीवर. हसवणारा स्वतः हसला की पिक्चर गेला, हा त्याचा नियम. हेमराज हसायचा म्हणजे मान मागे टाकून, तोंड उघडं टाकून, मांडीवर थापा मारत. मांडी बहुतेक वेळा माझी असे. पडद्यावरचा विनोद न कळलेले लोकही त्याच्या हसण्याला हसत.

आता खर्ऱ्याचं सांगतो, आणि ते सांगताना माझं डोकं फिरतं. सुपारी, तंबाखू, चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून वामनराव घोटून देत, आणि तो गालात धरल्याशिवाय हेमराजला पडदाच दिसत नसे. मल्टिप्लेक्सवाले आत नेऊ देत नाहीत, म्हणून तो पुडी मोज्यात लपवी. आमच्याकडे हे कुणाला वावगं वाटत नाही. लग्नघरी पाहुण्याला पाण्याआधी खर्रा विचारतात. मी खात नाही, तर लोक मला पोटाचा आजार आहे का विचारतात. एवढ्या शहाण्यासुरत्या लोकांनी मिळून एवढा गाढवपणा करायचा म्हणजे कमाल आहे!

तर दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात एक कॉमेडी लागली. टॉकीज नुसतं दणाणत होतं. मीसुद्धा पोट धरून हसलो. हेमराज मात्र गालाला हात लावून गप्प बसलेला. ठेल्यावर सगळे वाट पाहत होते. तो स्कूटर लावून आला आणि म्हणाला, "हसू नाही आलं."

झालं. गल्लीतून त्या पिक्चरला कुणी गेलं नाही. पुढच्या कॉमेडीलाही तेच, तिसऱ्यालाही तेच. "आता कॉमेडी राहिली नाही गा," असं तो म्हणायला लागला आणि अख्खा ठेला त्यावर चर्चा करायला लागला. पहिले लिहिणारे कसे होते, आता कसे नाहीत, मोबाइलमुळे लोकांचं हसणं कसं मेलं. मोठी विद्वान मंडळी! मीही त्यात होतो. मी त्याच पिक्चरला पोट धरून हसलो होतो, तरी हेमराजला हसू आलं नाही म्हणजे माझंच काहीतरी चुकलं, असं मला वाटलं. आता तो ॲक्शनची तारीफ करायचा. मारामारीत बघणाऱ्याला तोंड उघडावं लागत नाही, हे आमच्यापैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही.

डोक्यात आलं ते गोपिकावहिनींच्या, हेमराजच्या बायकोच्या. एक दिवस त्या दारातच मला थांबवून म्हणाल्या, "भाऊजी, हे टॉकीजमध्ये काय खातेत?"

"काही नाही. काहून?"

"घरी पोळी वरणात कुसकरून खातेत. झणझणीत सावजी रस्सा केला तं ताट सारून देतेत, म्हणतेत ॲसिडिटी आहे. कोष्ट्याचा माणूस रस्स्याले नाही म्हणते का?"

पुढच्या शुक्रवारी इंटरव्हलला मी मक्याच्या लाह्या घेतल्या आणि त्याच्यासमोर धरल्या. तो नको म्हणाला. मी म्हटलं, "आ कर."

"काय लहान पोरगा आहो का मी?"

"हेमराज, आ कर."

त्यानं तोंड उघडलं. एक बोट जेमतेम जाईल इतकंच ते उघडलं. त्याहून जास्त उघडायला गेला तर डोळ्यांत पाणी आलं. तेव्हा मला कळलं की त्या कॉमेडीला तो का हसला नव्हता. हसू येत होतं. भरभरून येत होतं. जबडाच उघडत नव्हता. मला इतका संताप आला की मी लाह्यांचा डबा खाली आपटला.

"काहून नाही सांगितलं बे?"

"सांगतलं असतं तं तुम्ही खर्रा बंद केला असता," तो म्हणाला.

दवाखान्यात बाई डॉक्टर होत्या. त्यांनी बॅटरी धरून पाहिलं, तोंडातला एक तुकडा काढून तपासायला पाठवला आणि रिपोर्ट आल्यावर आम्हाला बसवून सांगितलं. कॅन्सर. जिभेखालून जबड्याकडे चालला होता. लगेच ऑपरेशन केलं तर माणूस वाचण्याची आशा चांगली. पण जबड्याचा तुकडा आणि बरीचशी जीभ जाईल. हेमराजनं जगण्याबद्दल काही विचारलं नाही. त्यानं विचारलं, "बोलता येईन का?"

"घरच्यांना समजेल इतपत," त्या म्हणाल्या. "तेही सरावानं. खोटं नाही सांगत."

त्यानंतर हेमराजनं जे केलं त्याबद्दल मी त्याला अजून माफ केलेलं नाही. तो ऑपरेशनला नाही म्हणाला. कुणीतरी भिवापूरकडच्या एका वैद्याचं नाव सांगितलं, त्याच्या पुड्या सुरू केल्या. जीभ शाबूत ठेवून बरं करतो, असं तो वैद्य म्हणे. मी समजावलं, मयुरी रडली, वहिनी एकदा सगळ्यांसमोर ओरडल्या, "तुमाले बोलणं पायजे, अन् मले तुम्ही पायजे! माह्यं काय?" त्यांना त्यानं एकच उत्तर दिलं. "न बोलणारा हेमराज घेऊन तू काय करशीन वं?"

त्या दिवसांत तो बोलला मात्र खूप. जुने पिक्चर, नवे पिक्चर, कुठली मारामारी खरी, कुठलं प्रेम खोटं. जीभ जड झाली होती, शब्द ओले यायचे, तरी ठेल्यावर लोक जमायचे. मला ऐकवत नव्हतं. मानेला गाठ आली आणि रात्रंदिवस कान ठणकायला लागला, तेव्हा तो स्वतःच म्हणाला, "चाल, कापून टाकू दे." डॉक्टर बाईंनी आधीच्या आणि आताच्या रिपोर्टकडे पाहिलं. त्या रागावल्या नाहीत. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

ऑपरेशन झालं. किरणांचा उपचार झाला. एका बाजूनं चेहरा आत गेला, लाळ पुसायला हातात कायम रुमाल. मालक भला माणूस, कामावरून काढलं नाही. पण गादीवरून उठवून मागच्या खोलीत साड्यांच्या घड्या करायला बसवलं. गिऱ्हाईक घाबरते, असं त्यांनी मला सांगितलं. ते खरंही होतं, आणि त्यांच्या तोंडात मारावी असंही मला वाटलं.

पुढच्या वर्षीचे सणांचे दिवस जवळ आले होते. एका शुक्रवारी हेमराजनं स्वतःच मला खूण केली. आम्ही दुपारच्या शोला गेलो. प्रेमाचा पिक्चर होता. एक रिक्षावाला, एक नर्स, आणि अर्धा पिक्चर ते दोघं नुसते चहा पितात. मला झोप लागली. मध्ये जाग आली तेव्हा हेमराज पुढे वाकून बघत होता.

ठेल्यावर वामनरावांनी त्याला बसायला स्टूल दिलं. सगळ्यांनी तब्येत विचारली, मोठ्या आवाजात, जणू त्याला ऐकूही येत नाही. मग वामनराव नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "पिक्चर कसा आहे गा?"

ते माझ्याकडे पाहत होते.

इतक्या वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. हेमराजला सगळ्यांसमोर बोलायचा त्रास नको म्हणून मी घाईनं सांगून टाकलं, "बेकार आहे. नुसता चहा पिऊन राहिले. हेमराजलेही नाही आवडला."

हेमराजनं माझा दंड धरला आणि जोरजोरात मान हलवली. नाही. तोंडातून आवाज आला, शब्द झाला नाही. लोक मदतीला धावले. "हिरोइन चांगली आहे?" नाही. "गाणे चांगले आहेत?" नाही. "मंग फायटिंग आहे का?" एकजण हसला, त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. हेमराजनं पुन्हा प्रयत्न केला, रुमाल भिजला. मग त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि एका बोटानं लिहायला लागला. चार माणसं किती वेळ थांबणार? कुणीतरी क्रिकेटचा विषय काढला, दुसऱ्यानं उचलला. हेमराजचं लिहिणं चाललेलंच होतं. मग त्यानं मान वर केली, सगळ्यांकडे पाहिलं, जे लिहिलं होतं ते पुसलं आणि मोबाइल खिशात ठेवला. स्टुलावरून उठला आणि घराकडे चालायला लागला. मी मागे गेलो, तर त्यानं हातानंच सांगितलं, येऊ नको.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी एकटा जाऊन तो पिक्चर पुन्हा पाहिला. या वेळी झोपलो नाही. हेमराजसारखं बघायचं म्हणून साडी बघितली, चहाचे कप बघितले, मागे उभी असलेली माणसं बघितली. तिथून थेट त्याच्या घरी गेलो. तो पलंगावर पडला होता, वहिनी उशाशी होत्या. मी म्हटलं, "समजलं मले. ते दोघं एकमेकाइले काही म्हणत नाहीत, तरी सगळं समजते. तेच आवडलं न तुले?"

त्यानं डोळे मिटले आणि माझा हात थोपटला, गणित चुकलेल्या पोराचा थोपटावा तसा. वहिनींनी त्याला विचारलं, "लिहून देता का?" त्यानं मान हलवली. नको.

दिवाळीच्या आधी तो गेला. गाठ पुन्हा उठली होती, या वेळी गळ्यात. त्या पिक्चरमध्ये त्यानं काय पाहिलं, ते मला अजून माहीत नाही. मयुरीनं तो मोबाइलवर उतरवून ठेवलाय. मी तिच्याजवळ बसून अनेकदा बघतो, ती बघते, वहिनी बघतात. आम्हा तिघांनाही तो ठीकठाकच वाटतो.