दोन इंच जादा

टेलरबाईंचं मुलांच्या त्या कॅन्सर वॉर्डात कुणाशीच पटत नसे. मंगळवारी आणि शुक्रवारी बरोबर दहाला त्या खांद्याला पिशवी लावून येत, दारातल्या नळावर कोपरापर्यंत हात धूत, स्वयंसेवकांचा पिवळा कोट चढवत आणि चढवता चढवता विचारत, "कुणी बेतलाय हा? मुंढे बघा. माणसासाठी शिवलाय की खुर्चीसाठी?"

मोठ्या सिस्टर रजिस्टरमधून मान वर न करता म्हणत, "टाचण्या?"

मग टेलरबाई कोटाखालच्या ब्लाऊजला टोचलेल्या टाचण्या एकेक करून काढत आणि टेबलावरच्या वाटीत टाकत. पस्तीस वर्षं बायकामुलांचे कपडे शिवलेल्या बाईला टाचणीशिवाय उघडं उघडं वाटायचं.

गुडघ्यांनी दुकान बंद करायला लावलं, तेव्हा त्या इथे आल्या. दयाबिया आपल्याला जमत नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. त्यांना राग आला होता तो गाऊनचा. दवाखान्याचे गाऊन पाठीवर बांधायचे, आणि मुलांच्या औषधाच्या नळ्या पुढे, गळ्याच्या हाडाखाली. प्रत्येक औषधाला पोर अख्खं उघडं करायचं. टेलरबाईंनी खांद्यावर उघडणारा, टिचबटणांचा गाऊन बेतला आणि वॉर्डातली पोरं एकामागून एक झाकली.

तरी तोंडाला लगाम नव्हताच. विदूषकाचे कपडे घालून येणाऱ्या स्वयंसेवकाच्या हातातली पिपाणी त्यांनी काढून घेतली होती. "पोरगं ओकतंय आणि तुम्ही वाजवताय काय?" त्याने लेखी तक्रार दिली. तेव्हा मोठ्या सिस्टरनी बजावलं, "अजून एक तक्रार आली की स्वयंसेवकाचं कार्ड परत द्यायचं. आणि एक लक्षात ठेवा, मुलांच्या पुढच्या दिवसांबद्दल इथे बोलायचं नाही. चांगलं नाही, वाईटही नाही."

"मी कापडाबद्दल बोलते," टेलरबाई म्हणाल्या होत्या.

त्या मंगळवारी त्या अकरा नंबरच्या खाटेपाशी गेल्या. आठ वर्षांची मुलगी, डोक्यावर केस नाहीत, कपाळाला आठ्या. शेजारच्या स्टुलावर तिची आई, पाठ भिंतीला न टेकता बसलेली.

"तुम्ही काय वाटायला आलात?" आईने विचारलं. "फुगे झाले, चित्रं झाली. काल एक जण फोटो काढून गेला."

"काही वाटत नाही. माप घ्यायला आलेय."

"तिला नकोय."

"मला हवाय," मुलगी म्हणाली. "हिरवा. आणि फुलं नकोत. फुलं बावळट दिसतात."

"चौकडी चालेल?"

"चालेल."

टेलरबाईंनी टेप काढली. छाती, खांदा, उंची. नळीच्या जागी त्यांनी टेप अंगाला लागू दिली नाही, हवेतच धरली. आकडे वहीत टिपले. आणि मग पस्तीस वर्षं प्रत्येक आईला सांगितलेलं वाक्य, मान खाली असतानाच, त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं.

"वाढतं अंग आहे, दोन इंच जादा ठेवते आत."

आई उठून उभी राहिली. स्टूल मागे पडलं.

"कोण म्हणालं वाढतंय म्हणून?"

टेलरबाईंना चूक कळली, पण तोवर उशीर झाला होता.

"सकाळी डॉक्टर सांगून गेले, हे औषध लागू पडत नाही म्हणून. दुसरं देणार आहेत. आणि तुम्ही येता नि अंग वाढवता होय हो माझ्या पोरीचं?" आईचा आवाज वॉर्डभर गेला. "एक सूत जादा नको. मापाबरोबर शिवायचं, नाहीतर शिवायचंच नाही. आत कापड सापडलं तर लेखी देईन."

"आई, लोक बघताहेत," मुलगी म्हणाली.

"बघू देत."

मोठ्या सिस्टरनी टेलरबाईंना दारापर्यंत नेलं. "मापाबरोबर शिवा," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्या कार्डासाठी सांगतेय."

घरी टेलरबाईंनी हिरवी चौकडी टेबलावर पसरली, खडूने रेषा मारली, आणि कात्री रेषेवर ठेवून तशाच बसून राहिल्या. नवरा पेपर वाचत होता. त्याने चष्म्यावरून पाहिलं.

"काप की. कार्ड जाईल नाहीतर, मग दिवसभर माझ्याच डोक्यावर मिरी वाटशील."

"लहान मुलाचं मापाबरोबर कधी कापलं नाही मी."

"मग आता काप."

त्यांनी रेषेच्या दोन इंच बाहेरून कापलं. जादा कापड आत दुमडलं, बारीक टाक्यांनी चपटं बसवलं, दोनदा इस्त्री फिरवली. बोट फिरवून पाहिलं. काही लागत नव्हतं.

शुक्रवारी गाऊन मुलीला चपखल बसला. तिने खांद्याचं टिचबटण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. "टिक," ती म्हणाली. पण आई तिच्याकडे बघत नव्हती. तिने गाऊनची कड दोन बोटांत धरली होती.

"काढ," ती मुलीला म्हणाली. गाऊन उलटा केला, बाजूची शिवण नखाने उचलली, आणि आतली दुमड टेलरबाईंच्या डोळ्यांसमोर धरली. "मी नऊ वर्षं कपड्यांच्या कारखान्यात शिवणीला होते. मला फसवता?"

आईने कागद मागून घेतला आणि तिथेच, खाटेच्या कडेवर ठेवून, तक्रार लिहिली. टेलरबाईंनी पिवळा कोट काढून घडी केला, त्यावर कार्ड ठेवलं, आणि वाटीतल्या टाचण्या उचलून निघाल्या. गाऊन मात्र मुलीने परत दिला नाही. तो तिने उशीखाली कोंबला होता.

तीन आठवड्यांनी दुपारी घराचं दार वाजलं. दारात ती आई. हातात हिरवी चौकडी.

"पत्ता सिस्टरनी दिला. तक्रार मागे घेतलेली नाही."

"घ्या म्हटलंय कुणी?"

"नव्या औषधाने अंग सुजलंय तिचं. हा छातीत घट्ट होतो, आणि दुसरा घालत नाही ती. वाढली नाहीये. सुजलीये. फरक कळतो ना?"

"कळतो," टेलरबाई म्हणाल्या, आणि हात पुढे केला.

आईने गाऊन मागे घेतला. "मी करेन. धागा द्या. ह्याच रंगाचा."

टेलरबाईंनी रीळ दिलं, मशीनवरचं कव्हर काढलं आणि बाजूला झाल्या. आईने बसून दुमडीचे टाके उसवले. टेलरबाई मागे उभ्या राहून बघत होत्या आणि त्यांच्याने राहवेना.

"मुंढ्याखालून सुरू करा."

"माहितीये."

"ओढ लागेल तिथे."

"म्हटलं ना, माहितीये!"

मशीन चाललं. दोन्ही बाजू झाल्या. आईने गाऊन उलटा केला, तेव्हा टेलरबाईंना दिसलं, तिने एकच इंच सोडला होता. दुसरा इंच आत तसाच होता.

टेलरबाईंनी विचारलं, "तो कापायचाय?"

आईने सुईत धागा ओवला, राहिलेला इंच आत दुमडला आणि ती हाताने टाके घालायला लागली, बारीक, एकाला एक लागून. शेवटी दातांनी धागा तोडायला तोंड खाली नेलं.

"दातांनी नको," टेलरबाई खेकसल्या, आणि कात्री तिच्या हाताशी सरकवली.