वायर नसलेल्या दोन पात्या

हे गेल्यानंतर कापडे गावातल्या आमच्या घरातलं इंटरनेट बंद पडलं, ते माझ्या लक्षात आलं बाराव्याच्या आदल्या दिवशी सकाळी. मुलगी परदेशात, तिला आठवा महिना, डॉक्टरांनी विमानप्रवासाला नाही म्हटलं होतं. वडिलांचे उद्याचे विधी फोनवर तरी पाहायला मिळावेत, एवढंच तिने मागितलं होतं.

आमच्या खोऱ्यात टॉवरचा सिग्नल डोंगरामागून कसाबसा येतो. निवृत्तीनंतर ह्यांनी त्यासाठी गच्चीवर स्वतः अँटेना केला होता. माशाच्या शेपटीसारख्या कापलेल्या पत्र्याच्या चार पात्या, चार पाइपांवर, एका ओळीत. मधल्या दोघींच्या वायरी खाली राउटरला येत. कडेच्या दोघींना वायर नव्हती.

मी वर गेले तर मधल्या दोनच शिल्लक. धाकटे दीर अंगणात मांडव घालत होते, आणि ताडपत्रीखाली ते दोन पाइप उभे होते.

"भाऊजी, हे गच्चीवरचे ना?"

"हो वहिनी. त्यांना वायर नाय, काय नाय. रिकामेच उभे व्हते. वायरवाल्यांना मी हात पण लावला नाय."

मीही तेच केलं असतं. माझी सगळी नोकरी महाडला ग्रंथालयात झाली. अडलं की वही-पुस्तक उघडायचं, एवढंच मला येतं. ह्यांच्या वहीत पात्यांमधली अंतरं पुन्हा पुन्हा मोजून लिहिलेली होती. एका पानाच्या कडेला होतं: "बाहेरच्या दोन काढू नयेत. मधल्यांना दोन्हीकडे शेजार हवा."

गेल्या दिवाळीत ह्यांनी मला ते समजावलं होतं, हातातला चहा निवेपर्यंत. एका पातीवर आलेली लहर शेजारणीवरही उमटते आणि तिथून थोडी परत येते. पुष्कळजण हा त्रास टाळायला पात्या लांब लांब लावतात. पण डोंगर ओलांडून येतात त्या लांब लहरी. लहान पातीला त्या एकटीने पकडता येत नाहीत. जवळजवळ उभ्या केल्या तर जमतं. फक्त कडेच्या पातीला एकाच बाजूने शेजार, म्हणून तिचं वागणं वेगळं. तिला कामाला लावायचं नाही, नुसती उभी ठेवायची. मी मान डोलावली होती. आता वाचताना प्रश्न पडला, मग प्रत्येक बाजूला एकच का, दोन दोन का नाहीत? वहीत त्याचं उत्तर सापडलं नाही.

मांडवाला पाइपांऐवजी बांबू लावले. भाऊजी पात्यांसकट पाइप घेऊन वर गेले, मी जिन्यातून वहीतली अंतरं सांगत राहिले.

"आलं का?"

"नाही."

"आता?"

"नाही हो. तुम्ही पाइप धरून का उभे आहात?"

"हलू नये म्हणून!"

"सोडा तो, आणि खाली या. तुमचं अंगही त्या पात्यांना शेजार वाटत असेल."

"दादा जल्मभर मला 'बाजूला हो' सांगायचा," ते उतरता उतरता म्हणाले, "आता त्याचा पत्रा पण सांगतोय."

ते अंगणात पोचले तेव्हा फोनवर मुलीचे दहा-बारा निरोप एकदम आले.

दुसऱ्या दिवशी मी फोन पाटावर, तांब्याला टेकवून ठेवला. पिंडावर पाणी सोडण्याआधी भाऊजी थांबले आणि फोनकडे वळले.

"दिसतंय ना गो तुला?"

"दिसतंय, काका."

ती रडत होती. तेही अगदी स्पष्ट दिसत होतं. भाऊजींनी पाणी सोडलं.