मिनिटाला बेचाळीस गिरक्या

सकाळचे सहा वाजून दहा मिनिटं. जलशुद्धीकरण केंद्राचे ऑपरेटर तिसऱ्या तळ्याच्या काठावर उकिडवे बसून बाटलीत पाण्याचा नमुना भरत होते. बाटली अर्धी भरली आणि तशीच राहिली.

समोर, वीसेक पावलांवर, मूठभर आकाराचा एक राखी-पांढरा पक्षी पाण्यावर बसला होता आणि जागच्या जागी गरागरा फिरत होता. काळी, सुईसारखी बारीक चोच. डोळ्यामागे काळा डाग. दर गिरकीला चोच एकदा पाण्यात. ऑपरेटरांनी घड्याळ पाहून मोजलं. एका मिनिटात चव्वेचाळीस गिरक्या.

हा पक्षी हिवाळा भर समुद्रात काढतो. किनाऱ्यापासून इतक्या आत तो चुकूनच येतो. पुस्तकातलं त्याचं नाव लांबलचक आहे, पक्षी बघणारे त्याला नुसतं 'गिरक्या' म्हणतात. ऑपरेटर अठ्ठावीस वर्षं पक्षी बघतायत. गिरक्या त्यांनी फक्त चित्रात पाहिला होता. पहिली दोन मिनिटं निव्वळ आनंदाची होती. तिसऱ्या मिनिटाला त्यांना मेहुणा आठवला.

ऑपरेटर काटेकोर माणूस. नमुन्यात क्लोरीन सापडला नाही तर ते 'शून्य' लिहीत नाहीत, 'आढळला नाही' लिहितात. दोन्हींत फरक आहे, हे ते प्रत्येक नव्या इंजिनिअरला ऐकवतात. गावच्या पक्षी मंडळात यादी ठेवायचं काम त्यामुळे आपोआप त्यांच्याकडे आलं. अध्यक्षांना दिसलेलं दुर्मीळ घुबड फांदीला अडकलेली पिशवी निघालं, त्यानंतर त्यांनी नियमच लिहून काढले. फोटो नाही आणि सोबत दुसरा सभासद नाही, तर नोंद अमान्य. अमान्य नोंद पुन्हा उघडायची तर बघणाऱ्याने स्वतः सहीनिशी अर्ज करायचा. मंडळात त्यांना सगळे 'पुरावेकाका' म्हणतात, आणि त्यांनाही ते आवडायचं.

मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, चष्मे बनवायचा. नऊ वर्षांपूर्वी तो केंद्रावरच्या साहेबांचा नवा चष्मा पोचवायला आला आणि परत जाताना याच तळ्यावर थबकला. त्याच दिवशी त्याने फॉर्म भरून दिला. शेजारी पेन्सिलीने चित्र काढलं आणि खाली लिहिलं : 'पाण्यावर बसून जागच्या जागी गिरक्या. मिनिटाला बेचाळीस.' फोटो नव्हता, सोबत कोणी नव्हतं. पुरावेकाकांनी 'अमान्य' लिहिलं. नियमाप्रमाणे तेवढं पुरेसं होतं. पण त्यांनी खाली शेराही मारला : 'जखमी तुतारी असावी. निरीक्षकाने चष्मा तपासून घ्यावा.' तुतारी हा तळ्याकाठी रोज दिसणारा पक्षी.

शेरा वार्षिक सभेत वाचला गेला. लोक पोट धरधरून हसले. मेहुणाही हसला. पण गाव लहान. आठवड्याभरात दुकानात येणारं गिऱ्हाईक विचारू लागलं, "काय हो, आधी स्वतःचा नंबर काढलात का?" मेहुण्याने मंडळात येणं सोडलं, दुर्बीण कपाटात टाकली. बहिणीकडे यायचा, भाचीशी पत्ते खेळायचा, भावोजींशी रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल बोलायचा. सात वर्षांत पक्ष्यांविषयी अक्षर काढलं नाही. दोन वर्षांपूर्वी दुकानातच, काउंटरमागच्या खुर्चीत, तो गेला.

क्वार्टर तळ्यापासून तीनशे पावलांवर आहे. एकतीस वर्षांच्या नोकरीत ऑपरेटर पहिल्यांदा पाळी सोडून घरी गेले, तेही जवळजवळ धावत. बायको मागच्या दारात कपडे पिळत होत्या.

"चप्पल घाल, चल."

"अहो, काय झालं? तळं फुटलं की काय?"

"तो पक्षी आलाय. तुझ्या भावाचा."

त्यांनी हातातला शर्ट पिळायचा थांबवला नाही.

"किती गिरक्या?"

"चव्वेचाळीस."

"तो बेचाळीस म्हणाला होता."

"हो. चल ना, उडून जाईल."

"मला साक्षीला नेताय?"

ऑपरेटरांच्या मनात तेच होतं. त्या सभासद नव्हत्या, पण दुसरे डोळे तर होते.

"मी कशाला येऊ?" बायको म्हणाल्या. "तो त्या दिवशी इथे याच पायरीवर बसून सांगत होता. हात फिरवून फिरवून. मला तेव्हाच पटलं. पटायचं तुमचं राहिलं होतं." शर्ट झटकून त्यांनी दोरीवर टाकला. "तुमचं झालं ना आता? जा, पाळी आहे तुमची."

ऑपरेटर परत आले तेव्हा पक्षी तिथेच होता. मोबाईलवर काढलेल्या फोटोत एक पांढरा ठिपका आला. साबणाचा फेस म्हणूनही खपला असता. सात चाळीसला मोठा पंप सुरू झाला आणि गिरक्या उडून गेला.

मंडळाच्या चिटणीस, शाळेतल्या चित्रकलेच्या बाई, ऑपरेटरांचा फोन मिळताच मोठा कॅमेरा घेऊन निघाल्या आणि सव्वाआठला पोचल्या. अकरापर्यंत थांबल्या. तळ्यावर चार तुताऱ्या होत्या, बाकी काही नाही.

"काका, असू दे," बाई म्हणाल्या. "तुमची नोंद घेऊ आपण. जिल्ह्यातली पहिली. मी अध्यक्षांशी बोललेय."

"फोटो नाही. सोबत कोणी नव्हतं."

"तुमच्याकडे पुरावा मागणारा अजून जन्माला यायचाय हो!"

"मग पहिली नोंद माझी कशी? ती त्याची आहे."

बाईंचं हसू ओसरलं. फॉर्म मंडळाच्या फाईलमध्ये होता. त्यांनी तो दुपारी शोधून आणला आणि केंद्राच्या प्रयोगशाळेत टेबलावर ठेवला. पेन्सिलीचं चित्र पुसट झालं होतं, तरी बारीक चोच आणि डोळ्यामागचा डाग स्पष्ट दिसत होता. बाई चित्राकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"चित्र तेव्हा मी नीट बघितलंच नव्हतं," त्या म्हणाल्या. "शेरा ऐकला आणि हसले." मग थोड्या वेळाने, "पण काका, पुन्हा उघडायची तर त्यांची सही हवी. अध्यक्ष म्हणाले, एकासाठी नियम मोडला तर उद्या सगळे मागतील. नियम तुमचाच आहे."

"माहितीये."

"तुमची नोंद तरी घेऊ द्या. यादीत पक्षी तरी येईल."

ऑपरेटरांनी कोरा फॉर्म मागून घेतला. तारीख, वेळ, जागा, गिरक्यांची संख्या, सगळं भरलं. शेवटच्या रकान्यात स्वतःच्या अक्षरात 'अमान्य' लिहिलं, सही केली आणि मेहुण्याच्या फॉर्मच्या मागे टाचला. यादीची वहीही बाईंच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली, नको म्हणाल्या नाहीत.

दुपारी घरी आल्यावर बायकोने विचारलं, "घेतला त्याचा पक्षी यादीत?"

"नाही."

"तुमचा?"

"माझाही नाही."

"एवढं करून," त्या म्हणाल्या, "त्याला काय मिळालं?"

ऑपरेटरांनी दोरीवरचा वाळलेला शर्ट काढला आणि घडी घालायला घेतली.

उद्या रविवार. मंडळाची मासिक गणना सकाळी साडेसहाला तिसऱ्या तळ्यापासून सुरू होईल. नोंदी बाई घेतील. सभासदांना वाटायच्या छापील यादीत दोनशे बारा पक्षी आहेत, गिरक्या त्यात नाही.